बोलण्याआधीचे बोलणे



वैशाखातल्या या उकाड्यात घरच्या गच्चीवरचा वारा सोडून आपण एका डॉक्टराचे भाषण ऐकावयास आलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. काल आपण येथे इतिहासावर ऐकलेत, उद्या संगीतावर ऐकणार आहात. मधल्या दिवशी डॉक्टराला उभे करण्यात चालकांचा हेतू काय असावा, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. दोन गोड घासांच्या मध्ये एक कडू घोट असला म्हणजे पुढचा घास अधिक गोड लागतो, एवढाच तो असावा. हा घोट शक्य तितका सुसह्य करण्याचा आमचा प्रयत्न राहील.

आजचा विषय दोन वर्षांच्या आगेमागे असलेल्या मुलांचा आहे. डॉक्टर जिला ऑटिझम म्हणतात आणि आपल्याकडे जिच्यासाठी स्वमग्नता हा शब्द रूढ झाला आहे, ती अवस्था इतक्या लहान वयात कशी ओळखावी, कोणी ओळखावी आणि ओळखल्यावर काय करावे, एवढेच आज सांगावयाचे आहे. आरंभ एका कबुलीने करतो. कारण या विषयावर बोलण्याचा अधिकार आम्हांला आमच्या विद्वत्तेने दिलेला नाही, आमच्या एका चुकीने दिला आहे.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एक तरुण बाई आपल्या वीस महिन्यांच्या मुलाला लस टोचून घेण्यासाठी आमच्या दवाखान्यात आल्या. बरोबर सासूबाई होत्या. मूल गुटगुटीत होते, वजन उत्तम भरले, चालू लागले होते तेही अगदी वेळेवर. लस टोचली, कार्डावर तारीख घातली आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावणार, तोच त्या बाई हळूच म्हणाल्या, ‘डॉक्टर, हा अजून आई म्हणत नाही.’ आम्ही काही बोलण्याआधीच सासूबाई म्हणाल्या, ‘अहो डॉक्टर, हिला उगीच काळजी. याचा बाप तीन वर्षांचा होईस्तोवर तोंडातून शब्द काढत नव्हता. आता दुकानात गिऱ्हाइकाला बोलू देत नाही.’ आम्ही हसलो, सासूबाई हसल्या. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘बोलत नाही त्याचे एवढे नाही हो; पण हा मला काही दाखवत नाही.’ या वाक्याचा अर्थ त्या वेळी आम्हांला कळला नाही. मुलगे जरा उशिराच बोलतात, भरल्या घरात मुलाला सगळे न मागता मिळते, तेव्हा थोडे थांबून पाहू, असे सांगून आम्ही त्यांची बोळवण केली.

त्या बाई पुन्हा आल्या, तेव्हा मूल सव्वाचार वर्षांचे झाले होते. बालवाडीतील बाईंनी तपासून घ्या म्हणून सांगितले होते, त्याप्रमाणे मुंबईस तपासणी झाली होती आणि स्वमग्नतेचे निदान झाले होते. कागद आमच्या पुढ्यात ठेवून त्यांनी एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त विचारले, ‘डॉक्टर, मी तेव्हा सांगत होते, ते हेच होते का?’ होय, ते हेच होते. अडीच वर्षे आधी, एकही पुस्तक न वाचता, त्या माउलीने या अवस्थेचे एक अत्यंत महत्त्वाचे लक्षण एका वाक्यात सांगितले होते. आणि पुस्तके वाचलेल्या माणसाने ते ऐकून सोडून दिले होते.

‘हा मला काही दाखवत नाही.’ आजचे सारे व्याख्यान म्हणजे या एका वाक्यावरील भाष्य आहे, असे समजावे.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. ऑटिझम हा शब्द ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९११ साली प्रचारात आणला, पण तो मोठ्या माणसांच्या एका वेगळ्या मनोविकाराच्या संदर्भात. लहान मुलांसाठी तो वापरला लिओ कॅनर यांनी, १९४३ साली. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे त्यांनी अकरा मुलांचा अभ्यास केला आणि त्यावर निबंध लिहिला. त्यांतला पहिला मुलगा मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या छोट्या गावचा, डोनाल्ड ट्रिपलेट नावाचा. त्याचे वडील वकील होते. त्यांनी १९३८ साली मुलाचे सारे वागणे बारकाईने टिपून तेहेतीस पानांचे पत्र डॉक्टरांना धाडले होते. ते पत्र त्या निबंधाच्या पायाशी आहे. म्हणजे पाहा, हे शास्त्र सुरू झाले तेच एका बापाच्या निरीक्षणातून. डॉक्टराचे मोठेपण एवढेच, की त्यांनी ते पत्र वाचले आणि खरे मानले.

स्वमग्न म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डोळे मिटून बसलेली व्यक्ती येते. तसे चित्र मनात धरले तर फसगत होईल. ही मुले पळतात, हसतात, रडतात, कित्येक आईला घट्ट बिलगतात. त्यांना माया नसते, हा समज साफ खोटा आहे. त्यांचा मेंदू जन्मापासूनच निराळ्या रीतीने घडत जातो, आणि त्यामुळे दुसऱ्या माणसाशी लक्षाची देवाणघेवाण करणे, जे इतर मुलांना न शिकवता येते, ते त्यांना अवघड जाते. शिवाय ही एकच ठरावीक अवस्था नसून तिच्या अनेक छटा आहेत. कोणी आयुष्यभर बोलत नाही, तर कोणी पदवी घेऊन नोकरी करतो.

आता ही लक्षाची देवाणघेवाण म्हणजे काय, ते घरच्याच उदाहरणाने पाहू. संध्याकाळी गच्चीवर आई कडेवरच्या मुलाला चांदोबा दाखवते. सहा महिन्यांचे मूल आईच्या तोंडाकडे पाहते, फार तर बोटाकडे पाहते. वर्षाच्या सुमारास त्याला उमजू लागते की बोट हे बोटाकडे पाहण्यासाठी नसते. मग ते चांदोबाकडे पाहते. आणि त्यानंतर काही महिन्यांतच एक विलक्षण गोष्ट घडते. मूलच बोट उचलते, आभाळाकडे दाखवते, आणि लगेच वळून आईच्या तोंडाकडे पाहते. त्याला चांदोबा हवा असतो असे नाही. ‘मी पाहिला, तू पाहिलास का?’ एवढेच त्याला विचारावयाचे असते. तोंडात शब्द नसताना केलेला हा प्रश्न म्हणजेच माणसाचे पहिले संभाषण होय. शब्द मागाहून येतात.

तेव्हा बोटे दोन प्रकारची असतात, हे ध्यानी घ्यावे. एक मागण्याचे आणि एक दाखवण्याचे. स्वमग्न मूल पुष्कळदा मागण्याचे काम कसेबसे करून घेते. फळीवरचा बिस्किटाचा डबा हवा असला तर ते आईचे मनगट धरते आणि तो हात डब्यापर्यंत नेते, जणू तो हात म्हणजे एखादी सांडशीच. तोंडाकडे मात्र पाहत नाही. घरातले म्हणतात, ‘किती हुशार आहे, बरोबर हवे ते मिळवतो.’ मिळवतो, हे खरे. पण दाखवतो का, हे कोणी विचारत नाही.

अमेरिकेतील दोन संशोधिकांनी, ऑस्टर्लिंग आणि डॉसन यांनी, १९९४ साली या बाबतीत एक साधी पण अर्थपूर्ण पाहणी प्रसिद्ध केली. पुढे स्वमग्नतेचे निदान झालेली अकरा मुले आणि इतर अकरा मुले, यांच्या पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती चित्रफिती त्यांनी मिळवल्या. केक, फुगे, पाहुण्यांची गर्दी, सगळीकडे सारखीच. त्यांतून त्यांनी चार गोष्टी मोजल्या: मूल बोटाने दाखवते का, वस्तू दुसऱ्यापुढे धरते का, माणसांच्या तोंडाकडे पाहते का, आणि नावाने हाक मारल्यावर वळते का. एवढ्या चार गोष्टींवरून बहुतेक सगळी मुले बरोबर ओळखता आली. त्या वाढदिवसाला पाहुणे होते, कौतुक होते, चित्रीकरण होते. जे दिसत होते ते पाहणारे मात्र कोणी नव्हते. आपल्याकडील बोरन्हाणाच्या समारंभातही असे एखादे मूल आपण सर्वांनी पाहिले असेल. बोरांकडे, मुलांकडे त्याचे लक्ष नाही. ते कोपऱ्यात एका गाडीचे चाक फिरवत बसले आहे, आणि सगळे म्हणत आहेत, ‘कसा शहाण्यासारखा बसला आहे!’

आता वयाप्रमाणे कोणत्या खुणा पाहाव्यात, ते क्रमाने सांगतो. सहा महिन्यांच्या आसपास मूल हसण्याला हसून उत्तर देऊ लागलेले असावे. नऊ महिन्यांच्या सुमारास पदराआडून ‘भो’ केले की त्याला मौज वाटावी आणि आवाजाला आवाज द्यावा. वर्षाचे झाल्यावर नावाने हाक मारली की वळावे, ‘बाबाबा’ अशी बडबड असावी, टाटा करणे, हात पुढे करणे, मान हलवणे असे काही हावभाव दिसावेत. सोळा महिन्यांपर्यंत एखादा तरी शब्द असावा. दीड वर्षाच्या मुलाने बोटाने दाखवावे आणि लटकेच खेळावे, म्हणजे रिकाम्या भांड्यातला चहा बाहुलीला किंवा आजोबांना पाजावा. दोन वर्षांच्या मुलाने स्वतः जुळवलेले दोन शब्द एकत्र बोलावेत: ‘आई ये’, ‘दूध नको’. ऐकलेल्या जाहिरातीची पोपटपंची यात धरावयाची नाही. आणि एक खूण अशी, की जिला वय नाही. येत असलेले शब्द, करत असलेले टाटा, नावाला दिलेली ओ, यांपैकी काहीही येऊन नंतर गेले, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा.

याच्या जोडीला काही वेगळ्या सवयी दिसतात. वस्तूंच्या रांगा लावणे, पंख्याकडे किंवा चाकाकडे तासन् तास पाहणे, हात फडफडवणे, चवड्यांवर चालणे, मिक्सर किंवा कुकरची शिट्टी ऐकताच कान झाकून किंचाळणे, रोजचा रस्ता बदलला तर आकांत करणे. पण येथे एक सावधगिरीची सूचना. आज घरी गेल्यावर नातवंडाने चार डबे रांगेत मांडलेले पाहून कोणी घाबरू नये. रांगा कोणते मूल लावत नाही? एकच सवय म्हणजे काही नव्हे. दाखवणे, पाहणे, वळणे, नक्कल करणे यांची उणीव आणि जोडीला अशा सवयी, असे एकत्र चित्र दिसले तर ते अर्थपूर्ण ठरते. मुलींच्या बाबतीत तर अधिक जपून पाहावे लागते. ही अवस्था मुलग्यांत तिप्पट-चौपट नोंदली जाते हे खरे, पण मुली ‘लाजाळू’, ‘शांत’ या गोड शब्दांखाली नजरेतून निसटतात.

हे पाहावयाचे कोणी? येथे चाळणी आणि निदान यांतला फरक सांगितला पाहिजे. चाळणी म्हणजे सर्व मुलांना लावावयाची साधी कसोटी. इंग्लंडमध्ये सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली असा प्रयोग केला. दीड वर्षाची पन्नास सामान्य मुले आणि जिच्या घरात आधीच एक स्वमग्न भावंड आहे अशी एक्केचाळीस मुले त्यांनी पाहिली. दाखवण्याचे बोट, लटका खेळ अशा गोष्टींपैकी दोन किंवा अधिक गोष्टी न करणारी चार मुले निघाली. आणि अडीच वर्षांची होईपर्यंत त्या चौघांचेही निदान झाले. म्हणजे आम्ही त्या बाईंना परत पाठवले, त्याच्या किती तरी आधी ही विद्या छापून आलेली होती!

परंतु या गोष्टीचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. हीच कसोटी पुढे सोळा हजारांवर मुलांना लावली. काही वर्षांनी हिशोब केला, तेव्हा तिने स्वमग्न मुलांपैकी शंभरात अडतीसच पकडली होती, असे दिसले. चाळणीची भोके मोठी होती. म्हणून पुढे आईबापांना विचारावयाच्या प्रश्नांची सुधारलेली यादी निघाली. एम-चॅट या नावाने ती ओळखली जाते. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी तिच्यात वीस प्रश्न आहेत. दोनपर्यंत उत्तरे खटकली तर बहुधा चिंता नको, तीन ते सात खटकली तर पुन्हा सविस्तर विचारपूस, आठ किंवा अधिक खटकली तर सरळ तज्ज्ञाकडे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संस्था अठरा आणि चोवीस महिन्यांना, अशी दोनदा ही चाळणी लावावयास सांगते. आपल्याकडेही सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान मूल लसीसाठी दवाखान्यात येतेच. सुई टोचण्याला एक मिनिट लागते. आणखी दहा मिनिटे हे प्रश्न विचारण्यास काय हरकत आहे? आणि तरीही एक नियम पाळावा: कागद चांगला निघाला, पण आईचे मन मानत नाही, तर कागदापेक्षा आईचे अधिक ऐकावे.

निदान हे याच्या पुढचे काम. त्यासाठी रक्ताची तपासणी नाही, मेंदूचा फोटो नाही. काही वेळा कारण शोधण्यासाठी जनुकांची तपासणी करतात, पण निदान होते ते मुलाबरोबर खेळून, त्याला पाहून आणि आईबापांकडून सारी हकीकत ऐकून. बालविकासतज्ज्ञ, बालमनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचातज्ज्ञ यांनी मिळून केले तर उत्तम. अनुभवी हातांनी दोन वर्षांच्या सुमारास केलेले निदान बहुतांशी टिकते. त्याआधी कान तपासावेत, हे आवश्यकच आहे. पण पुष्कळ घरांत गाडी तेथेच थांबते. कान चांगले निघाले की पेढे वाटतात. वास्तविक, शेजारच्या खोलीत पुडा फाडल्याचा आवाज ज्याला ऐकू येतो, त्याला स्वतःचे नाव का ऐकू येत नाही, हा खरा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो.

आता या वाटेत आडव्या येणाऱ्या काही समजुती. पहिली, आईच्या दोषाची. एके काळी थोर म्हणवणाऱ्या डॉक्टरांनीही असे लिहिले की थंड, मायाहीन आईमुळे मूल असे होते. एका पिढीतील आयांनी हा डाग सोसला. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः अशा मुलाचे वडील होते. त्यांनी १९६४ साली या मताविरुद्ध ग्रंथ लिहिला. पुढे १९७७ साली फोलस्टीन आणि रटर यांनी इंग्लंडमध्ये जुळ्यांच्या एकवीस जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या अकरांपैकी चार जोड्यांत दोघेही स्वमग्न निघाले. निराळ्या जुळ्यांच्या दहांपैकी एकाही जोडीत तसे आढळले नाही. मूळ जन्मजात घडणीत आहे, आईच्या मायेत नाही, हे तेव्हापासून पक्के होत गेले.

दुसरी, लसीची. १९९८ साली बारा मुलांवरचा एक निबंध इंग्लंडमध्ये निघाला आणि गोवराच्या लसीवर संशय घेतला गेला. त्यातील गैरप्रकार उघड झाल्यावर त्या नियतकालिकाने २०१० साली तो मागे घेतला. डेन्मार्कमध्ये २००२ साली ५,३७,३०३ मुलांची आणि २०१९ साली ६,५७,४६१ मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली; लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नता अधिक आढळली नाही. संशय का टिकतो, ते मात्र समजण्यासारखे आहे. ज्या वयात खुणा ठळक होतात, त्याच वयात लस टोचली जाते. कावळा बसला आणि फांदी मोडली, तसे हे आहे.

तिसरी समजूत ताजी आहे, मोबाईलची. दोन वर्षांच्या मुलाच्या हाती मोबाईल देऊ नये, याविषयी आमचे दुमत नाही. जो वेळ माणसांच्या तोंडाकडे पाहण्यात जावयाचा, तो पडद्यात जातो. पण ‘आधी मोबाईल बंद करून सहा महिने पाहू, मग तपासू’ असे करू नये. पडदा बंद करणे आणि तपासणीची वेळ घेणे, ही दोन्ही कामे एकाच आठवड्यात करावीत.

निदान झाले, आता काय? येथेच आईबापांचे पाय लटपटतात, आणि येथेच हमखास बरे करून देतो म्हणणारे भेटतात. महागडी इंजेक्शने, मूळ पेशींचे उपचार, शरीरातील धातू काढण्याची औषधे, यांना शास्त्राचा आधार नाही. काहींत धोका आहे. ऑटिझम औषधाने जात नाही. परंतु मुलाचा संवाद वाढवता येतो, आणि ते काम मुख्यतः घरात होते. गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीस मिळून पासष्ट मुलांवर एक प्रयोग झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात तज्ज्ञ डॉक्टर घरोघर गेले नाहीत. साध्या शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी आईबापांना खेळण्याची रीत शिकवली. आई मुलाशी खेळतानाची चित्रफीत काढावयाची आणि तिच्याबरोबर बसून ती पाहावयाची, एवढेच साधन. मुलाच्या कलाने प्रतिसाद देणे आईबापांना साधू लागले, आणि मुले आपणहून संवाद अधिक वेळा सुरू करू लागली.

ही रीत काय असते? मूल चाक फिरवत बसले आहे. आपण ते हिसकावून ‘हे काय? ते काय?’ असा भडिमार करतो. त्याऐवजी जमिनीवर त्याच्या समोर बसावे, दुसरे चाक घ्यावे, तेही फिरवावे, ‘फिरले’ एवढा एकच शब्द म्हणावा आणि थांबावे. मुलाने एक क्षण वर पाहिले, तर तो क्षण म्हणजे त्या दिवसाची कमाई. अशा क्षणांची संख्या वाढवत नेणे, हाच उपचार. ऑस्ट्रेलियात तर निदानाचीही वाट पाहिली नाही. नऊ ते चौदा महिन्यांच्या, खुणा दिसणाऱ्या १०४ बाळांपैकी काहींच्या आईबापांना हीच दृष्टी शिकवली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षी निदान होण्याचे प्रमाण शिकवलेल्या गटात शंभरात सुमारे सात, तर दुसऱ्या गटात सुमारे वीस होते. पाहणी लहान आहे, तिच्यावर मनोरे रचू नयेत. पण खूण दिसताच आरंभ करण्याने नुकसान काहीच नाही, एवढे तिच्यावरून निश्चित म्हणता येते.

मदत कोठे मिळेल, हेही सांगितले पाहिजे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात, पालघर येथे झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुले तपासतात आणि गरज दिसल्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. तेथे पैसे पडत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र आणि सवलतीही मिळतात. मात्र प्रमाणपत्र मागाहून आले तरी चालेल, खेळणे आज सुरू व्हावे.

ही दूरच्या कोणाची गोष्ट आहे, असे समजू नये. उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार लहान मुलांत हे प्रमाण शंभरात एक किंवा किंचित अधिक निघते. ज्या तालुक्यात वर्षाला दोन हजार मुले जन्मतात, तेथे दर वर्षी वीस मुले अशी असणार. त्यांची घरे आपल्याच गल्लीत आहेत.

आणि म्हणून शेवटी त्या पहिल्या मुलाकडे, डोनाल्डकडे वळतो. तिसऱ्या वर्षानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला दूरच्या एका संस्थेत ठेवले होते. आईबापांनी सुमारे वर्षभराने त्याला घरी आणले. तो मोठा झाला, त्याच फॉरेस्ट गावातील बँकेत नोकरीला लागला, मोटार चालवू लागला, गोल्फ खेळू लागला, एकट्याने देशोदेशी हिंडला, आणि २०२३ साली एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. त्याची स्वमग्नता गेली नव्हती. घरची सुस्थिती होती, हेही खरे. पण गावाने त्याला ओळखले होते, तो जसा होता तसा गावात धरला होता. असे काम डॉक्टराच्या हातून होत नाही. ते गावाने करावे लागते.

गावाला आमची एवढीच विनंती. ज्या आजींनी दहा मुले वाढवली आहेत, त्यांनी आपला अनुभव सुनेचे तोंड बंद करण्यासाठी न वापरता तिच्या बाजूने उभे राहण्यासाठी वापरावा. ‘याचा बापही असाच होता’ हे म्हणावे; पण लगेच पुढे म्हणावे, ‘तरी उद्या दाखवून येऊ.’ अंगणवाडीच्या बाईंनी काही सांगितले, तर तिला शत्रू समजू नये. आणि आमच्या व्यवसायबंधूंना विनंती अशी, की ‘थांबून पाहू’ या दोन शब्दांपैकी पहिला शब्द आता टाकून द्यावा. दुसरा पुरेसा आहे. पाहू या.

त्या बाईंचा मुलगा आता बावीस-तेवीस वर्षांचा आहे. वडिलांच्या दुकानात मालाची मांडणी तो करतो, आणि ती दुसऱ्या कोणी हलवलेली त्याला खपत नाही. सहाव्या वर्षी त्याने प्रथम खिडकीतून बोट करून आईला मालगाडी दाखवली आणि वळून तिच्याकडे पाहिले. बाईंनी ती तारीख कपाटाच्या दाराआड लिहून ठेवली आहे. आम्हांला त्यांनी ती एकदा दाखवली. ती तारीख दोन-तीन वर्षे आधी आली असती का, हे कोणीच सांगू शकणार नाही. पण त्यासाठी प्रयत्न करावयाची अडीच वर्षे आमच्या एका शब्दापायी गेली, एवढे आम्ही जाणतो. या सभेतील एका घरापुरते जरी तसे टळले, तरी आजचा हा कडू घोट आपण घेतलात त्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.